बाहेरची चूल, घरातली चूल

थंडी पडली की शनिवारी दुपारी नागपुरातून गाड्या बाहेर पडायला लागतात. कुणी रामटेकला खिंडसीच्या काठी जातं, कुणी पेंचच्या वाटेवर, कुणी मित्राच्या शेतावर. तंबू ठोकायचा, जाळ पेटवायचा, रात्र उघड्यावर काढायची. या छंदात अलीकडे एका वस्तूला फार मान आला आहे. ती म्हणजे बिडाची कढई. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाची कढई, बिडाचा तवा, जड झाकणाचं बिडाचं पातेलं, हे सगळं डिकीत घालून न्यायचं आणि लाकडाच्या जाळावर मटण शिजवायचं. मग फोटो काढायचे. फोटोत धूर असतो, कढई असते आणि हातात झारा घेतलेला एक प्रसन्न पुरुष असतो.

मी नागपूरच्या वस्त्यांमध्ये बायकांबरोबर काम करते. हौशी माणसांची हौस आहे, त्यात आपलं काय जातं, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण आता या फोटोंबरोबर उपदेशही यायला लागले आहेत. आजीच्या काळी सगळं लोखंडात शिजायचं म्हणून तिच्या अंगात रक्त होतं. गॅस आणि नॉनस्टिकनं आजच्या बायका आळशी झाल्या. घरीही लोखंड वापरा, हिमोग्लोबिन वाढेल. म्हणजे वर्षातून चार रात्री जाळासमोर बसलेला माणूस उरलेल्या तीनशे एकसष्ट दिवसांची चूल कशी असावी हे बाईला शिकवतो आहे. आता याला उत्तर दिलं पाहिजे.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. माझं लोखंडाशी भांडण नाही. पुरुषांनी स्वयंपाक करण्याशी तर अजिबात नाही. आपण सगळ्याजणी कित्येक वर्षं तेच मागतो आहोत. भांडण आहे ते मोजमापाशी. तीच कढई, तोच जाळ, तेच कष्ट. पुरुषानं मर्जीनं एक रात्र केले तर तो छंद आणि पराक्रम. बाईनं जन्मभर केले तर ते तिचं काम, आणि काम म्हणूनही त्याची नोंद नाही. हे मोजमाप तसंच ठेवून बिडाची कढई घराघरात आली, तर ती बाईच्या मनगटावरचं वजन वाढवेल. दुसरं काही करणार नाही.

आधी या कढईबद्दलच बोलू. बीड आपल्याला नवं नाही. कोकणात घावन आणि आंबोळ्या बिडाच्या तव्यावर होतात, आपल्याकडे धिरडी होतात. हा तवा सासूकडून सुनेकडे येतो, कारण नीट सांभाळला तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. या 'नीट सांभाळला तर'मध्येच सगळं आलं. बीड उशिरा तापतं, पण तापलं की उष्णता धरून ठेवतं, म्हणून त्यात मटण सावकाश आणि सारखं शिजतं. त्यात कर्ब जास्त असल्यानं ते ठिसूळ असतं. तापल्या तव्यावर गार पाणी पडलं तर तो तडकतो, हातातून फरशीवर पडला तर फुटतो. ओला राहिला तर रात्रीतून गंजतो. म्हणून नवा तवा आधी तेल पाजून, तापवून, पुन्हा तेल पाजून तयार करावा लागतो. रोज वापरून झाला की लगेच धुवायचा, लगेच विस्तवावर कोरडा करायचा, तेलाचा हात फिरवून ठेवायचा. आंबट पदार्थ त्यात ठेवून चालत नाही, काळे पडतात, म्हणून शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढायचं. आणि वजन? बारा इंची तवा तीन-साडेतीन किलोचा असतो. झाकणाचं मोठं पातेलं रिकामंच सात-आठ किलो भरतं.

आता सांगा, तंबूपाशी फोटो काढणाऱ्यानं यातलं काय काय केलेलं असतं? मसाला शुक्रवारी रात्री घरात वाटलेला असतो. कांदा कापून डब्यात भरलेला असतो. पीठ, मीठ, तेल, पातेल्यांची झाकणं, हात पुसायचं फडकं, हे सगळं आठवणीनं कुणीतरी पिशवीत घातलेलं असतं. तिकडे फोडणी पडते, वाहवा होते. रविवारी रात्री तीच कढई पोत्यात गुंडाळून परत येते आणि मोरीत पडते. आतून मसाला करपून बसलेला, बाहेरून लाकडाची काजळी. साहेब थकलेले असतात. सोमवारी सकाळी ती कढई एक तर घरची बाई घासते, नाहीतर कामाला येणारी बाई.

कामाला येणाऱ्या बाईचा मुद्दा नागपुरात तरी विसरू नये. डॉ. रूपा कुलकर्णी यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली विदर्भ मोलकरीण संघटना याच शहरातली. घरकाम हे काम आहे, त्याला दर हवा, सुट्टी हवी, हे त्या बायांनी रस्त्यावर येऊन सांगितलं. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. तरीही आज भांड्यांचा दर ठरतो तो माणशी नाहीतर महिन्यावर. सात किलोचं काजळलेलं बीड घासण्याचा वेगळा दर कुठल्याही घरात नाही. ते घासताना पाण्यात भिजत ठेवू नको, साबण जास्त लावू नको, पुसून तेल लाव, या सूचना मात्र असतात. छंद मालकाचा, मनगट बाईचं.

काही जण म्हणतील, निदान पुरुष स्वयंपाकाला हात तरी लावताहेत, सुरुवात म्हणून बरं नाही का? सुरुवात असती तर बरंच होतं. पण विदर्भात पुरुष उघड्यावर स्वयंपाक करतात ही गोष्ट आजची नाही. रोडग्यांचं जेवण आपल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. मारुतीचा नवस असो की शेतावरचा कार्यक्रम, गोवऱ्या पेटवतात पुरुष, निखाऱ्यात रोडगे भाजतात पुरुष, वांग्याची भाजी मोठ्या कढईत हलवतात पुरुष. लग्नातला आचारी पुरुष. भंडाऱ्यातल्या कढईपाशी पुरुष. हे इतक्या पिढ्या चालू आहे. त्यातून घरातल्या चुलीपाशी किती पुरुष आले? रोडगे उत्तम भाजणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नाही. बाहेरची चूल आणि घरातली चूल यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. जिथं लोक बघतात, पैसा मिळतो, नाव होतं किंवा पुण्य लागतं, तिथली चूल पुरुषाची. जिथं रोज तेच ते करायचं, कुणी बघत नाही, चुकलं तरच बोलणं होतं, तिथली बाईची. तंबूतली कढई या उंबरठ्याच्या बाहेरचीच आहे. ती कितीही पेटली तरी आतल्या चुलीचा भार एका काटकीनंही कमी होत नाही.

आकडे हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं. आणि हे फक्त काम करणाऱ्या पुरुषांचं झालं. २०१९ च्या पाहणीत दिवसभरात घरकामाला अजिबात हात लावणारे पुरुष शंभरात २६ च होते, बाया ८१ होत्या.

विक्रमांचंच बघा. नागपूरचे विष्णू मनोहर यांनी २०१७ साली सलग पन्नास तासांहून जास्त वेळ स्वयंपाक केला, २०१८ साली प्रचंड कढईत ३००० किलो खिचडी शिजवली. त्यांच्या कौशल्याबद्दल आदरच आहे. पण हा आकडा घरात आणून बघू. पाच माणसांच्या घरात दोन वेळचं मिळून रोज तीन किलो अन्न शिजतं असं धरा. तीन हजार किलो व्हायला हजार दिवस लागतात, म्हणजे तीन वर्षंसुद्धा नाही. आपल्या वस्तीतली चाळिशीची बाई हा विक्रम सहा-सात वेळा करून बसलेली असते. तिच्या हजाराव्या दिवशी कुणी हार घेऊन येत नाही. हजार एकाव्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं तर ताट मात्र भिरकावलं जातं. यात विनोद नाही. समुपदेशन केंद्रात येणाऱ्या कितीतरी बायांच्या मारहाणीच्या हकिकती ताटापासूनच सुरू होतात.

आता उघड्यावर चूल मांडण्याबद्दल. तंबूवाल्यांना वाटतं, तीन दगडांवर जाळ करून, भांड्यात अन्न शिजवून, आकाशाखाली झोपणं हा अस्सल अनुभव आहे. या अस्सल अनुभवाच्या जाणत्या बाया आपल्याकडे लाखांनी आहेत. बीडहून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जाणारी ऊसतोड कामगार बाई सहा-सहा महिने कोपीत राहते. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापते आणि मग कोयता घेऊन फडात जाते. नागपूरच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर कच्च्या विटांच्या झोपडीसमोर चूल असते. घिसाडी आणि गाडी लोहारांची पालं रस्त्याकडेला पडतात. तिथं नवरा सांडशीत तापलं लोखंड धरतो आणि घण मारते ती बाई. तवे, उलथनी, विळे, कोयते त्या घणाखाली घडतात. ते घडीव लोखंड, आणि कढईवाल्यांचं ओतीव. पण लोखंडाची आणि उघड्या चुलीची खरी ओळख कुणाला आहे, हे सांगायला एवढं पुरे. दिवसभर घण मारून झाला की त्याच बाईला त्याच पालात भाकरी टाकायची असते. तिच्या मुक्कामाला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. तिला 'अतिक्रमण' म्हणतात आणि हुसकावून लावतात.

डिसेंबरात नागपुरातच बघायला मिळतं. १९५३ च्या नागपूर करारामुळं विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं होतं आणि राज्यभरातून मोर्चे येतात. अंगणवाडीच्या बाया, आशा, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया थंडीत रस्त्याकडेला, मैदानात मुक्काम करतात. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनिसांकडे बघा. शेकडो मुलांचं जेवण मोठ्या भांड्यांत शिजवायचं, भांडी घासायची, वर्ग झाडायचे. एवढ्या कामाला महिन्याचं 'मानधन' २०२३ साली १५०० रुपयांवरून २५०० झालं. दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत. याच शहराबाहेर एका रात्रीच्या तंबूला आणि जाळाला माणशी याहून जास्त पैसे मोजले जातात.

जाळ म्हटलं की लाकूड आलं. लाकूड कुठून येतं, हेही विचारलं पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे राखीव जंगलात आग पेटवणं आणि तिथलं लाकूड नेणं हे दोन्ही गुन्हे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर हक्क दिला, त्यात वाळल्या काटक्याकुटक्याही आल्या. तरी डोक्यावर मोळी घेतलेली गोंड बाई आजही रस्त्यात गणवेशवाला दिसला की वाट बदलते. सिलिंडर घरात आहे, पण भरून आणायला पैसे नाहीत, म्हणून ती जंगलात जाते. तेंदूपानं आणि मोहफुलं मिळाली तर वर्षाचं मीठमिरची निघतं, म्हणूनही जाते. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्याच जंगलाच्या कडेला शहरातून आलेल्या पाहुण्यांसाठी लाकडाचा ढीग रचून ठेवलेला असतो, बिलात त्याचे पैसे लावलेले असतात. एकीच्या डोक्यावरची मोळी गुन्हा आणि दुसऱ्याच्या तंबूसमोरची होळी पर्यटन, हा न्याय कुठला?

आणि धूर. एक रात्र धुरात बसलं की कपड्यांना वास येतो आणि गंमत वाटते. रोज बसलं की फुप्फुसं जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या धुरामुळं २०२० साली जगात ३२ लाख माणसं मेली. चुलीपाशी सगळ्यांत जास्त वेळ असतात त्या बाया आणि त्यांच्या कडेवरची पोरं. तेव्हा 'चुलीवरचं जेवण' ही पाटी पाहून ज्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, त्यांनी चुलीवर जेवण करणारीच्या डोळ्यांतलं पाणीही बघावं.

आता रक्ताच्या उपदेशाकडे येते, कारण तो सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत फसवा आहे. लोखंडी भांड्यात शिजवल्यानं अन्नात थोडं लोह उतरतं, हे खरं आहे. टोमॅटो, चिंच, आमसूल असं आंबट असेल आणि जास्त वेळ शिजलं तर आणखी उतरतं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातल्या मुलांवरचा अभ्यास आला होता. लोखंडी भांड्यातलं अन्न खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्या मुलांपेक्षा जास्त वाढलं होतं. म्हणून कुणी घरात लोखंडी कढई वापरत असेल तर जरूर वापरावी.

पण महाराष्ट्रातल्या बायांचं रक्त कढई बदलल्यामुळं कमी झालेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४.२ टक्के ॲनिमियाच्या निघाल्या. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ टक्के होता. पुरुषांत हे प्रमाण याच्या निम्म्याहून कमी आहे. आता विचार करा. एकाच घरात, एकाच चुलीवर, एकाच कढईत शिजलेलं अन्न नवराही खातो आणि बायकोही खाते. मग रक्त तिचंच का कमी? पाळीत आणि बाळंतपणात जातं ते एक कारण. दुसरं कारण ताटात आहे. मटणाचे तुकडे आधी कुणाच्या ताटात पडतात आणि शेवटी कढईच्या तळाशी रस्सा कुणासाठी उरतो, हे आपल्याला पाहणीतून कळायला नको. लोह कढईतून अन्नात उतरेल, पण अन्न तिच्या ताटात उतरलं नाही तर त्याचा उपयोग काय? वस्तीतल्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक बाई म्हणाली, ''ताई, कढई तं लोखंडाची घेईन मी, पण तिच्यात टाकू काय?'' सगळ्या उपदेशाला एवढं उत्तर पुरेसं आहे.

विदर्भात तर याहून गंभीर गोष्ट आहे. आपल्याकडे सिकलसेल आहे. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम २०२३ च्या जुलैत सुरू झाली, पण आपल्या वस्त्यांना हा आजार त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून. लोह कमी पडणं हे त्याचं मूळ नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात तर उलट लोह साठत जातं आणि त्याचाच त्रास होतो. अशा मुलीच्या आईला 'लोखंडी कढई घ्या' असं सांगणं म्हणजे तिची तपासणी लांबवणं. अंग दुखतं, दम लागतो, डोळे पिवळे दिसतात, अशा मुलीला आधी दवाखान्यात नेऊन रक्त तपासलं पाहिजे. आणि लोहच कमी आहे असं निघालं, तर सरकारी दवाखान्यात लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळायला हव्यात. त्या शिल्लक नसतील तर त्याचा जाब यंत्रणेला विचारायचा. कढईचा उपदेश हा जाबच मोडीत काढतो. सरकारची जबाबदारी, रेशनची जबाबदारी, मजुरीची जबाबदारी, सगळ्यांतून सगळे सुटतात आणि दोष शेवटी बाईच्या भांड्यावर येतो.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्या चळवळीच्या बाहेरचं आहे असं समजू नका. आपणही शिबिरं घेतो. आश्रमशाळेत, धर्मशाळेत, जंगलाजवळच्या एखाद्या संस्थेत दोन-तीन रात्री मुक्काम असतो आणि मोठी कढई तिथंही चढते. मिश्र संघटनांच्या शिबिरांत काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. 'श्रमविभागणी आणि पितृसत्ता' या विषयावर सभागृहात बौद्धिक चालू असतं आणि मागच्या अंगणात गावातल्या चार बाया पोळ्या लाटत असतात. सत्र संपल्यावर टाळ्या होतात, त्या पोळपाटापर्यंत पोचत नाहीत. शेवटच्या दिवशी 'अन्नपूर्णांचे आभार' मानले जातात. आभार नकोत. मजुरी ठरवा आणि त्यांनाही सत्रात बसवा.

जातीचा प्रश्नही याच कढईपाशी येतो. शिबिरात एका बाजूला मटणाची कढई आणि दुसऱ्या बाजूला 'शुद्ध' भाजीची, पळ्या वेगळ्या, पंगती वेगळ्या, असं अजूनही होतं, आणि त्याला 'सोय' म्हणतात. नागपूरनं ही सोय पूर्वी पाहिलेली आहे. १९३७ साली अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं होतं. तिथं जेवणाच्या वेळी दलित प्रतिनिधींना वेगळं बसवलं गेलं. त्यांत जाईबाई चौधरी होत्या. याच शहरात मुलींसाठी शाळा चालवणारी ती बाई. स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या परिषदेत अपमान झाला तो पंगतीत. दलित स्त्रियांनी तो गिळला नाही, सभा घेऊन निषेध केला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकामुळं हा इतिहास आपल्यापर्यंत आला. पुढं २० जुलै १९४२ ला याच नागपुरात अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, हजारो बाया आल्या. कढई कुणी चढवायची, तिला हात कुणी लावायचा आणि तिच्यातलं अन्न कुणी कुणाशेजारी बसून खायचं, हा राजकारणाचा प्रश्न आहे हे या शहरातल्या बायांनी आपल्या आधी ओळखलं होतं.

मग बायांनी काय, तंबूत जायचंच नाही? उलट, जरूर जावं. खिंडसीच्या काठावर रात्री चांदणं बघत बसण्याचा हक्क बाईलाही आहे, आणि तिथं गेल्यावर एकाही भांड्याला हात न लावण्याचाही आहे. आज ती जाते तेव्हा बहुधा कुणाची तरी बायको म्हणून जाते. भाज्या चिरते, पोरं सांभाळते आणि रात्री आडोसा शोधत फिरते, कारण तंबूवाल्यांनी जाळाची सोय केलेली असते, बाईच्या संडासाची नाही. चार मैत्रिणी आपल्या आपण गेल्या तर आधी 'घरून परवानगी आहे का' हा प्रश्न, मग सुरक्षेच्या नावाखाली नकार. पुरुषाला जंगलात जाऊन चूल पेटवणं ही मोकळीक वाटते, कारण घरी त्याची चूल दुसरं कुणी तरी पेटवत असतं. बाईला मोकळीक हवी असेल तर तिला चुलीपासूनच रजा पाहिजे.

म्हणून नुसतं चिडून न थांबता आपण काही गोष्टी धरून बसायला हव्यात.

१. आपल्या आणि मिश्र संघटनांच्या प्रत्येक शिबिरात स्वयंपाक, वाढणं आणि भांडी घासणं यांची पाळी लावावी. पाळी पुरुषांनाही, वक्त्यांनाही. फक्त फोडणीची पाळी चालणार नाही. काजळलेली कढई ज्यानं चढवली त्यानंच घासायची.

२. स्वयंपाकाला बाहेरच्या बाया बोलावल्या तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी नको. ती अंदाजपत्रकात आधी लिहावी. एक तरी सत्र त्यांच्या वेळेप्रमाणे ठेवावं.

३. शिबिरात कढई एक, पंगत एक. काय खायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण शेजारी कुणी बसायचं हे जातीनं ठरवता येणार नाही.

४. घरकामगार संघटनांनी दर ठरवताना जड आणि जळक्या भांड्यांचा मुद्दा घ्यावा. आपण त्यांना पाठिंबा द्यावा.

५. शालेय पोषण आहाराच्या बायांना मानधनाऐवजी वेतन, या मागणीत स्त्रीसंघटनांनी येत्या अधिवेशनाच्या मोर्चात बरोबर चालावं.

६. वस्तीत ॲनिमियावर बोलताना भांड्यापासून सुरुवात करू नये. आधी तपासणी, त्यात सिकलसेलचीही. मग गोळ्या, रेशन, मजुरी. आणि घरात कोण आधी जेवतं हा प्रश्न. कढई शेवटी.

७. वनहक्काच्या दाव्यांत सरपणाचा आणि तेंदू-मोहाचा विषय बायांच्या तोंडून मांडला जावा. ग्रामसभेत बायांनी तो लावून धरावा.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. सातही कामांना पैशापेक्षा तयारी जास्त लागते. पहिलं काम तर पुढच्याच शिबिरापासून करता येईल. कागदावर नावं लिहायची, सभागृहाच्या दारावर लावायची आणि पहिल्या दिवशी कढई घासणाऱ्यांत अध्यक्षांचं नाव टाकायचं.

बिडाच्या कढईवर प्रेम असलेल्या बंधूंनाही एक सांगणं आहे. तुमचं मटण चांगलं होत असेल, आम्हाला शंका नाही. ते मंगळवारी करा, घरात करा, ऑफिसातून आल्यावर करा. कुणी फोटो काढणार नाही. नंतर कढई घासा, विस्तवावर कोरडी करा, तेलाचा हात लावून ठेवा. बुधवारी पुन्हा करा. अशी तीन वर्षं गेली की मग आजीच्या कढईबद्दल बोलायला या.